हिवाळ्याचे तेल

२३ मार्च १९५९ रोजी हिरासिंग राठोडने पांढरकवड्याच्या एका जंगल ठेकेदाराला अकराशे चाळीस रुपये मोजून दिले आणि त्याची जुनी फटफटी विकत घेतली. दोन बैलजोड्या विकून त्याने पैसे उभे केले होते. बैल गेले त्या दिवशी त्याची आई धुरपताबाई जेवली नाही.

हिरासिंगचा तांडा घाटंजीपासून सात मैलांवर आहे. त्याचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत. बापाने शेती धरली, तरी घरची बैलबंडी भाड्याने चालतच राहिली. फटफटी हे हिरासिंगला त्याच धंद्याचे पुढचे जनावर वाटे. मी ज्या अडत दुकानात हिशेब लिहितो, तिथले बाहेरगावचे टपाल तो नेई. कधी औषधांच्या पेट्या, कधी सरकीचे पोते. घाटंजीच्या दवाखान्यातल्या नर्स विमलताईंना बाळंतपणासाठी तांड्यांवर नेण्याचे मात्र तो काही घेत नसे. "त्यायचं कसलं भाडं," एवढेच म्हणे.

१९६२ च्या दिवाळीनंतर त्याची मुलगी जमनी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. बाजाराच्या दिवशी विमलताईंनी तिला तपासले. मूल आडवे होते. तिला आधीच यवतमाळच्या इस्पितळात नेऊन ठेवा, असे त्यांनी सांगितले. धुरपताबाईने साफ नकार दिला. हिरासिंगही म्हणाला, "बाई, फटफटी हाय ना दारात. दुखाले लागलं की अर्ध्या तासात तुमाले घेऊन येतो."

"मग उशीर करू नका. या पोरीच्या बाबतीत उशीर चालणार नाही," विमलताई म्हणाल्या.

त्याच आठवड्यात जलालच्या दुकानात तेलाचा विषय निघाला. जलाल हा घाटंजीतला मिस्त्री. पाण्याचे पंप, सायकली, फटफटी, सगळे दुरुस्त करतो. मी तिथे सायकल घेऊन गेलो होतो.

"हिरासिंगभाऊ, थंडी पडली. पन्नास नंबर काढून टाक, तीस भर," जलाल म्हणाला. डब्यावरचा आकडा तेलाचा दाटपणा सांगतो. आकडा मोठा तितके तेल दाट.

"कायले? पन्नासवर उन्हाळाभर कुरकुर नाही केली तिनं."

"उन्हाळ्यात तेल आपोआप पातळ होते, भाई. थंडीत तेच काकवीसारखं बसते. इंजिनातल्या पंपाले ओढता नाही येत."

हिरासिंगने तीस नंबरचा थेंब अंगठा आणि बोटात धरून ताणून पाहिला. तार आली नाही. "हे तेल हाय का पाणी? मले आता सरकीचे दोन दोन पोते न्यायचे हायेत. ओझं वाढलं की वंगण घट्ट पाह्यजे. हे तू मले शिकवतं? माह्या बापाचा जलम बंडीवर गेला."

"बंडीच्या आसाले पंप राह्यते काय?"

"आन तुह्या फटफटीले बैल राह्यते काय?"

सगळे हसले. जलालही हसला आणि पान्याकडे वळला.

बंडीपुरते हिरासिंगचे म्हणणे बरोबर होते. रिकामी बंडी असली की नुसते एरंडेल चाले. भरली असली की त्यात काजळी घोटून वंगण घट्ट करीत. त्या घरातला लहान पोरगाही ओझे पाहून वंगण ठरवी, हवा पाहून नाही. त्याच हिशेबाने हिरासिंग कापसाच्या जिनात गेला आणि तिथल्या मोठ्या इंजिनाचे, पन्नासहूनही दाट तेल उकंडाकडून मागून आणून फटफटीत भरले. उकंडा ते इंजिन चालवी. त्याने डबा भरून दिला आणि कशाला हवे ते विचारले नाही.

डिसेंबरच्या एका पहाटे जमनीला कळा सुरू झाल्या. गवतावर दहिवर गोठल्यासारखे पडले होते. हिरासिंगने किक मारली, तर पाय खाली जाईना. शेवटी चौघांनी उतारावर ढकलून गाडी सुरू केली आणि तो तसाच, गार इंजिनावर, भरधाव घाटंजीला गेला. पोहोचेपर्यंत इंजिनातून खडखड येऊ लागली होती. थांबायला वेळ नव्हता. विमलताई पिशवी घेऊन मागे बसल्या. परतताना तिसऱ्या मैलाच्या चढावर पिस्टन जाम झाला, मागचे चाक जागच्या जागी अडकले आणि दोघेही धुळीत पडले.

विमलताईंचे कोपर सोलले होते. त्या उठून चालू लागल्या. पिशवी हिरासिंगने डोक्यावर घेतली. वाटेत तांड्यातल्या नेमसिंगची बंडी मिळाली, पण बंडी ती बंडीच. तांड्यावर पोहोचले तेव्हा ऊन चांगले वर आले होते. विमलताईंनी जमनीला वाचवले. मूल गेले होते. मुलगा होता.

गाडी बंडीत घालून जलालकडे आणली. त्याने इंजिन उघडले तेव्हा हिरासिंग समोर उकिडवा बसला होता.

"ही जातानाच मेलती," जलाल म्हणाला. "येताना नुसती पडली. गार इंजिन पळवलं, वरपर्यंत तेलच नाही चढलं."

"तीस नंबर राह्यलं असतं तर?"

जलालने हात पुसले. "तर पोहोचला असता."

मग तो म्हणाला, "पोरगं वाचलं असतं का, ते मले नाही सांगता येत."

जमनी सासरी गेली. दोन वर्षे बापलेकीत फारसे बोलणे झाले नाही. तिला पुन्हा दिवस गेले तेव्हा माहेरी पाठवायला सासरचे तयार नव्हते. जमनीच म्हणाली, "मी बापाकडंच जाईन." या वेळी मूल सरळ होते, विमलताईंनी तपासून तसे सांगितले. हिरासिंगने तरीही यवतमाळचे विचारले. जमनी नको म्हणाली.

जानेवारी १९६५ मध्ये, तशाच थंडीच्या पहाटे, कळा सुरू झाल्या. जलालने गाडी केव्हाच दुरुस्त करून दिली होती, आणि आठवड्यापूर्वीच हिरासिंगने त्याच्याकडून तीस नंबरचे तेल आणून भरले होते. किक सहज खाली गेली. इंजिन सुरू झाले. तो मात्र निघाला नाही. इंजिनाच्या बाहेरच्या पात्यांवर तळहात ठेवून तो उभा राहिला. आतून जमनीचे ओरडणे येत होते. त्याची बायको हंसाबाई दारात आली.

"जमनीचे बा! काहून उभे राह्यले? निघा ना!"

हिरासिंगने हात काढला नाही. पात्या कोमट लागल्या तेव्हाच तो गाडीवर बसला.

विमलताई वेळेवर पोहोचल्या. जमनीला मुलगी झाली. दोघीही सुखरूप आहेत.

त्या तेलाचे तीन रुपये पंचवीस पैसे हिरासिंगकडून जलालला अजून यायचे आहेत.