काळ्या स्क्रीनवरचा पेपर

घोडबंदर रोडवरच्या आमच्या ऑफिसात नवीन कुणी लागलं की पहिल्या आठवड्यात हमखास माझ्या टेबलाशी येतं आणि हळूच सांगतं, “मॅडम, तुमचा पीसी बंद आहे.” मी म्हणते, “असू दे, माझं काम चालू आहे.” मग ते माणूस तिथंच घोटाळतं. त्याला वाटतं, ही बया चेष्टा करतेय. बाजूचे सगळे हसायला लागले की मग त्याला समजावून सांगावं लागतं.

मला जन्मापासून दिसत नाही. कॉम्प्युटर माझ्या कानात बोलतो. बटण दाबलं की अक्षर सांगतो, ओळ वाचून दाखवतो, आणि तेही इतक्या भरभर की दुसऱ्या कुणी हेडफोन लावला तर त्याला नुसती गडबड ऐकू येते. स्क्रीनचा मला उपयोग शून्य. म्हणून मी ती काळी करून ठेवते, तशी सोयच असते त्यात. बॅटरी वाचते आणि कुणी मागून डोकावत नाही. शहाडच्या आमच्या चाळीत डोकावणाऱ्यांची काही कमी नव्हती. माझा लॅपटॉप म्हणजे पप्पांच्या कारखान्यातल्या ऑफिसनं मोडीत काढलेला, बॅटरी पार थकलेली. पप्पा म्हणायचे, “तुला दिसत नाही, मग दिवा कशाला जाळायचा?” सवय लागली ती लागलीच.

या सवयीनं एकदा माझ्या बारावीच्या पेपरात जो काही गोंधळ घातला, तो आता आठवला की मला हसू येतं. तेव्हा मात्र माझं डोकं सटकलं होतं.

त्याच्या आधी दहावीचं सांगायला हवं. दहावीला मला रायटर होती. म्हणजे मी बोलायचं आणि तिनं लिहायचं. रायटर आपल्यापेक्षा खालच्या वर्गातली लागते, तशी आमच्याच चाळीतली नववीतली मुलगी मिळाली. पोरगी गुणाची. एका शब्दानं कुरकुर केली नाही. पण मी बोलायला तोंड उघडलं की ही म्हणायची, “झालं ताई, पुढचं?” मला वाटायचं, काय हात चालतो हिचा! शेवटचा पेपर झाल्यावर आम्ही दोघी उसाचा रस प्यायला थांबलो, तेव्हा ती कौतुकानं म्हणाली, “ताई, तुझं ते घरचं-बिरचं उदाहरण असायचं ना, ते मी नाय लिहिलं. पुस्तकात नव्हतं ते. मी छान थोडक्यात केलं.”

मी ग्लास खाली ठेवला. तिला काय बोलणार? तिनं माझं भलंच केलं होतं, तिच्या परीनं. मार्कही चांगले पडले. चाळीत पेढे वाटले, सगळ्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. आणि मी मनातल्या मनात विचार करत होते की यातले माझे किती आणि तिचे किती? त्या पेपरांत नक्की काय होतं ते मला आजही माहीत नाही.

म्हणून बारावीला मी हट्ट धरला. रायटर नको, मी स्वतः टाईप करणार. कॉलेजात सगळ्यांनी समजावलं. वर्गशिक्षिका म्हणाल्या, “अगं, रायटर घे, सोपं पडेल. मशीननं दगा दिला तर?” मी म्हटलं, “दिला तर दिला.” मम्मी म्हणाली, “हिच्याशी कोण डोकं लावणार!” शेवटी परवानगी मिळाली. माझाच लॅपटॉप पण इंटरनेटशिवाय, वेगळी खोली, जादा वेळ, आणि अर्थशास्त्रात आकृत्यांच्या जागी दुसरे प्रश्न. मराठी टायपिंग मी झोपेतसुद्धा करत असेन, इतका सराव केला.

अर्थशास्त्राच्या पेपराला कल्याणच्या केंद्रावर तळमजल्यावरची प्रयोगशाळा दिली होती. आत मी आणि सुपरवायझर मॅडम, दोघीच. मॅडम वयानं मोठ्या, आवाज एकदम मऊ, दुसऱ्या कॉलेजातून आलेल्या. असा पेपर त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. आल्या आल्या मला विचारलं, “बाळा, पंखा लागतोय का? पाणी ठेवू का?” मग कोपऱ्यातला प्रिंटर एकदा चालवून बघितला आणि प्रश्न वाचून दाखवले. मी हेडफोन लावला आणि सुरू केलं.

काय मजा येत होती म्हणून सांगू! कुणी “झालं ताई” म्हणणारं नाही. वाक्य आवडलं नाही की खोडायचं, परत लिहायचं. मागणी-पुरवठ्याच्या मोठ्या प्रश्नात मी नवरात्रातल्या टेंभी नाक्यावरचा झेंडू घातला. माझी मावशी ठाण्याला राहते, तिच्याबरोबर देवीला जाताना भावावरून तिची आणि फूलवाल्याची जुंपायची, ते सगळं मला पाठ होतं. भाव चढला की मावशी अर्धाच झेंडू घ्यायची आणि फूलवाले मात्र दुप्पट व्हायचे. पुस्तकात नव्हतं, पण माझं होतं. रंगात आले की मला सेव्ह करायचं भान राहत नाही. आदल्या उत्तरांना केलं होतं, या उत्तराला नाही.

पुढच्या मुद्द्याचा विचार करायला मी थांबले. बोटं बटणांवर, मान खाली, तोंड बंद. तोवर समोर बसलेल्या मॅडम फेरी मारत माझ्या मागे आल्या. त्यांना काय दिसलं असेल? स्क्रीन काळीठिक्कर, पोर गप्प, बिचारी घाबरून बोलत नाहीये. त्या मायेनं जवळ आल्या, चालू करायचं बटण शोधलं आणि दाबलं. काही होईना म्हणून दाबून धरलं.

माझ्या कानातला आवाज अर्ध्या शब्दात गेला.

“मॅडम! काय केलंत हे?”

“अगं बंद पडला होता, चालू करतेय.”

“चालूच होता! मी स्क्रीन काळी ठेवते!”

“काळी? कशाला गं?”

“मला दिसत नाही म्हणून!”

मी किंचाळलेच. बाहेरून शिपाई धावत आला आणि मॅडमनी त्याला परत पाठवलं. मग त्यांचा आवाज पार रडवेला झाला. “बाळा, मला खरंच नाही कळलं गं. असं कर, तू सांग, मी लिहिते. माझं अक्षर छान आहे. एक शब्द इकडचा तिकडे करणार नाही.”

खरं सांगते, क्षणभर मोह झाला. वेळ पळत होता, लॅपटॉप चालू व्हायला आधीच कंटाळा करायचा, आणि उत्तर पहिल्यापासून नव्यानं लिहायचं होतं. रायटरनं आयुष्य सोपं होतं, ते काही खोटं नाही. पण एवढं भांडून मी इथवर आले ते कशासाठी? मी म्हटलं, “नको मॅडम. तुम्ही फक्त हात लावू नका.”

“नाही लावत. हे बघ, हात मागे बांधले,” त्या म्हणाल्या. मग त्यांच्याच लक्षात आलं असावं, कारण त्या स्वतःशीच हसल्या. मलाही हसू फुटलं आणि राग निम्मा उतरला.

मशीन चालू झालं. सेव्ह केलेलं सगळं होतं. झेंडू गेला होता. मी परत लिहायला घेतलं, तडातडा, श्वास न घेता. पण झालं. जादा वेळातला थोडा वेळ शिल्लक राहिला आणि प्रिंटरमधून कागद बाहेर पडले.

मी मॅडमना म्हटलं, “एकदा मोठ्यानं वाचाल का? सरावाच्या वेळी अक्षरांऐवजी नुसते चौकोन छापून आले होते.” त्यांनी वाचायला घेतलं. माझी वाक्यं मी तोवर फक्त मशीनच्या घाईघाईच्या आवाजात ऐकली होती. आता एक माणूस ती सावकाश वाचत होतं. झेंडूपाशी मॅडम हसल्या, अगदी मनापासून. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू.

मग पुरवठ्याच्या नियमापाशी त्या अडखळल्या. “किंमत वाढली की पुरवठा... कमी होतो.” परत तेच वाक्य वाचलं, जरा हळू.

उलटं लिहिलं होतं मी! खाली उदाहरणात फूलवाले वाढतायत आणि वर नियमात पुरवठा कमी होतोय. पहिल्या वेळी बरोबर लिहिलं होतं, मला पक्कं आठवत होतं. घाईत गेलं.

मॅडम अगदी हळू म्हणाल्या, “वेळ आहे अजून. मशीन चालू आहे. पुन्हा प्रिंट काढू. हे माझ्यामुळे झालंय गं.”

बटणांवर माझी बोटं आपोआप गेली होती. एक शब्द तर बदलायचा होता. पण त्या अडखळल्या नसत्या तर मला कळलं असतं का? नसतं. मी सही करून घरी गेले असते.

“राहू द्या, मॅडम.”

“अगं पण...”

“राहू द्या. ते मी लिहिलंय.”

त्यांनी कागद माझ्यापुढे ठेवले. माझं बोट धरून सहीच्या जागेवर ठेवलं, मी सही केली, आणि त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

गेटबाहेर पप्पा उभे होते. “कसा गेला गं?”

“पुरवठ्याचा नियम उलटा लिहिला. मार्क जाणार.”

पप्पा थांबलेच. “मग एवढी खूश का दिसतेस?”

“पप्पा,” मी म्हटलं, “काय चुकलं ते मला माहितीये!”