ज्याचा कौल, त्याचेच बोट

सुशीलाताई कोंढरे यांची आणि माझी ओळख आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये झाली, आणि तीही भांडणामुळे. कर्वेनगरची आमची जुनी इमारत पाडून नवी बांधायची, हे सर्वांना मान्य होते. पण दोन बिल्डरांपैकी काम कोणाला द्यायचे, यावरून माणसे जिन्यात एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. रीतसर ठरावाआधी सभासदांचा गुप्त कौल घ्यावा आणि सभा कोणा तिऱ्हाइताने चालवावी, असे शेवटी ठरले. ताई खडकीच्या एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. सभा चालवावी तर त्यांनीच, असा त्यांचा लौकिक होता. म्हणून त्यांना बोलावले.

मला जन्मापासून दिसत नाही. हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी नोकरी करते. आईने जाताना घर माझ्या नावावर केले. दादा, वहिनी आणि मी तिथेच राहत होतो. दोन बिल्डरांपैकी एक दादाचा वर्गमित्र होता. मी मात्र दोन्ही प्रस्ताव फोनकडून नीट वाचून घेतले होते आणि माझे मत पक्के केले होते. ते मला माझ्या हाताने द्यायचे होते, आणि कोणाला न सांगता.

सभा पार्किंगमध्ये भरली. कौल मोबाइलवर होता. पुढून कोणीतरी सांगितले, "हिरवं म्हणजे पहिला, केशरी म्हणजे दुसरा. चला, वेळ सुरू झाली." माझा फोन पडद्यावरचे वाचून दाखवतो. त्या दिवशी तो नुसता "बटण, बटण" म्हणत राहिला. दादाने फोन माझ्या हातातून घेतला. "दे इकडे, मी दाबतो. मला माहितीये तुझं काय आहे ते."

दादा वाईट माणूस नाही. कितीतरी वर्षे सकाळी कंपनीच्या बसपर्यंत तोच मला सोडत आला आहे. आपल्याला माहीत आहे असे त्याला खरोखरच वाटत होते. मला मात्र रडू आवरेना.

तेवढ्यात समोरून खणखणीत आवाज आला, "दुसऱ्या रांगेतल्या बाई, तुमचं मत कोणी दिलं?"

"दादानं."

"काय द्यायचं ते तुम्ही सांगितलं होतंत?"

"नाही."

"मग हा कौल रद्द."

एकच गलका झाला. एक काका म्हणाले, "अहो बाई, घरचंच मत आहे ते." ताईंनी विचारले, "घर कोणाच्या नावावर आहे?" "माझ्या," मी म्हणाले. मग मागून आणखी एकाने नेट लावला, "पण एका मतानं असा काय फरक पडतो?" "पडत नसेल तर आपण सगळेच घरी जाऊ," ताई म्हणाल्या. "मतं एकेक करूनच मोजतात." सभा पुढच्या रविवारवर गेली.

दुसऱ्या दिवशी ताई आमच्याकडे आल्या. "या यंत्रातलं मला ओ की ठो कळत नाही. तुमचा फोन काय बोलतो ते ऐकवा," म्हणाल्या. त्यांनी ते "बटण, बटण" पुन्हा पुन्हा ऐकले आणि मग शाळेतल्या बाईंसारख्या प्रश्नांवर प्रश्न विचारले. वहिनीने केलेला चहा गार झाला. मी सांगितले ते त्यांनी लक्षात ठेवले, आणि मला न सुचलेले स्वतः जोडले: कोणाचे हात थरथरतात, कोणाला ऐकू कमी येते, कोणाकडे साधाच फोन आहे. ही सगळी यादी त्यांनी कौल तयार करणाऱ्यांच्या हाती दिली.

रविवारी प्रश्न पडद्यावर मोठ्या अक्षरांत होता आणि ताईंनी तो मोठ्याने वाचलाही. पर्यायांना रंगांऐवजी नावे होती, बटणे मोठी होती, उलटे चालणारे घड्याळ काढून टाकले होते. साधा फोन असणाऱ्यांसाठी कोपऱ्यात आडोसा करून लॅपटॉप ठेवला होता. "आणि ज्यानं त्यानं आपले हात आपल्याच फोनवर ठेवायचे," ताईंनी बजावले. मी इअरफोन लावला, नावे ऐकली, बोट टेकवले. "आपले मत नोंदवले गेले," असे फोन म्हणाला. माझ्या घरात कोणालाच ठाऊक नाही असे काहीतरी आयुष्यात प्रथमच माझ्यापाशी होते. मला फार आनंद झाला, आणि त्याची लाज वाटली नाही.

तेव्हापासून ताई मला आपल्या कामात ओढत आल्या आहेत. मत घेण्याआधी, ते कोणाला देता येणार नाही ते शोधायचे, ही त्यांची पद्धत. एका कॉलेजात व्याख्यानानंतर मुलांनी मोबाइलवर कौल ठेवला होता. संयोजक मुलगी म्हणाली, "मॅम, हे जस्ट फॉर फन आहे, पंधरा सेकंदांत संपतं." ताई म्हणाल्या, "मजा आहे ना? मग सगळ्यांनाच करू दे." घड्याळ बंद झाले. खडकीत निवृत्त कामगारांच्या सभेत एक आजोबा गप्प बसून होते. ताईंनी प्रश्न ठळक अक्षरांत लिहून त्यांच्यापुढे धरला. आजोबा म्हणाले, "मला ऐकाया येत न्हाई, पन मत हाय." ताई हे वाक्य आजही मोठ्या आदराने सांगतात.

ताईंच्या सभा लांबतात, हे त्यांच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथातही लपवण्यात अर्थ नाही. त्यांच्या सभेला जेवून जावे, असे जाणकार सांगतात. कुरकुर त्यांच्या कानांवर येते, पण त्या बधत नाहीत.

इमारत पाडायला घेतली तेव्हा आम्ही भाड्याच्या घरात गेलो. तिथून बसथांब्यापर्यंतचा रस्ता मला नवा होता आणि मी मनातून धास्तावले होते. ताई आपली गुडघेदुखी घेऊन रोज सकाळी माझ्याबरोबर चालायला येत. रस्ता ओलांडताना दर वेळी विचारत, "हात देऊ का?" मी नको म्हटले की नुसत्या शेजारून चालत. रस्ता माझ्या पायांखालचा झाल्यावर त्यांनी येणे थांबवले.

या लेखाचे घरात समजल्यावर दादाने परवा जेवताना विचारले, "आता तरी सांग, कोणाला दिलं होतंस?" नवी इमारत उभी राहत आली आहे, सांगितल्याने आता काही बिघडणार नाही. तरी मी ताटावरूनच ताईंना फोन करून सांगू का, असे विचारले. "मला कशाला विचारता? मत तुमचं आहे," त्या म्हणाल्या. "आणि मलाही सांगू नका."

मी दादाला सांगितले नाही. मग त्याने विचारले, "भात वाढू?" आणि माझे उत्तर येईपर्यंत थांबला. पूर्वी तो न विचारताच वाढायचा.

ताई, पंच्याहत्तरी गाठलेल्या आपल्याला पुढेही निरोगी आणि दीर्घ आयुष्य लाभो. गुडघे साथ देवोत, आवाज असाच खणखणीत राहो. आपल्या सभा खुशाल लांबू द्या. शेवटचे मत येईपर्यंत आम्ही बसून राहू.