आकडेबुवांचे त्रेसष्ट नंबर

आमच्या भावोजींच्या हातात कला आहे, असं माझी थोरली बहीण लग्नापासून सांगत आलीय. कुठली, ते मी लग्नापासून विचारत आलोय. भावोजी पालिकेत रंगारी. भिंती रंगवणारे नव्हेत, फक्त आकडे काढणारे. दिव्याचे खांब, गटारांची झाकणं, कचऱ्याचे डबे, पालिकेला जे जे मोजायचं असेल त्यावर लाल ऑइल पेंटनं नंबर टाकायचा, हे काम त्यांनी सव्वीस वर्षं केलं. पत्र्याचा छाप वापरणाऱ्यांना ते माणसांत धरत नाहीत. सहाचं पोट, नवाची शेपटी, सगळं हातानं. घरात जेवताना भाजीलासुद्धा थिनरचा वास यायचा. बाजारात त्यांना आकडेबुवा म्हणतात, आणि त्यांना ते आवडतं, यावरून माणूस काय आहे ते कळावं.

ताई घड्याळं दुरुस्त करते. डोळ्याला भिंग लावून बसली की समोर कोण आलं, कोण गेलं, तिला पत्ता नसतो. तिचं दुकान रस्त्याच्या एका टोकाला आणि घर दुसऱ्या टोकाला. फुटपाथ एकच, मध्ये रस्ता ओलांडायचा नाही, तीनशे दहा पावलं. गेल्या वर्षी माळ्यावरची पेटी काढताना ती शिडीवरून पडली आणि कमरेखाली पाय गेले. आता चाकांच्या खुर्चीत असते. खुर्चीची रुंदी सव्वीस इंच. भावोजींनी फुटपाथवर जाऊन टेप लावला, तर सगळ्यात मोठी फट निघाली एकवीस इंचांची.

कारण फुटपाथवर काय नव्हतं ते विचारा. जिमवाल्यानं प्लास्टरचा पहिलवान उभा केला होता. फर्निचरवाल्याचा सोफा बारा महिने बाहेर, त्यावर त्याचा म्हातारा बाप. औषधवाल्याचा जनरेटर, रखवालदाराची चौकी, कुणाच्या तरी तीन कुंड्या. मी चपलांच्या दुकानात कामाला आहे. आमचा रॅकही फुटपाथवरच. रोज सकाळी तो बाहेर मीच सरकवतो, तेव्हा मी कुणाला नावं ठेवावीत अशी माझी ऐपत नाही. तरी ठेवतो.

या पसाऱ्याला नंबर भावोजींनीच घातले होते. तीन वर्षांपूर्वी वरून हुकूम आला, की फुटपाथवरच्या प्रत्येक अडथळ्यावर लाल नंबर टाका, नोटीस द्या आणि मग उचला. भावोजींनी एक ते त्रेसष्ट नंबर टाकले. कुणाची भीड धरली नाही. एकतिसावा नंबर तर पालिकेच्याच बोर्डावर पडला. 'पादचाऱ्यांसाठी फुटपाथ मोकळा ठेवा' असा तो बोर्ड, सिमेंटच्या दोन ठोकळ्यांवर फुटपाथच्या मधोमध.

भावोजींचे साहेब तणतणले, "अहो, आपलाच बोर्ड आहे तो!"

"साहेब, पाय फुटपाथवर आहेत," भावोजी म्हणाले.

पहिल्या दिवशी रस्त्यावर रडारड झाली. मग जिमवाल्यानं वकील गाठला, वकिलानं सांगितलं की नोटिशीवर सुनावणी मागा. बासष्ट जणांनी सुनावणी मागितली. बोर्डाच्या वतीनं पालिकेनंसुद्धा पालिकेकडे मागितली. आणि सुनावणी होईपर्यंत नंबर पडलेल्या वस्तूला हात लावायचा नाही असं ठरलं. झालं! उचलण्यासाठी टाकलेला नंबर उचलू नये म्हणून कामाला आला. ज्याला नंबर तो पक्का. लोक पुडीवर पत्ता छापू लागले, 'नंबर बावीसच्या समोर'. फर्निचरवाल्याच्या मुलीसाठी स्थळ आलं तेव्हा त्यानं मुलीचं शिक्षण सांगण्याआधी व्याह्यांना सोफ्यावरचा नंबर दाखवला. पावसानं रंग उडाला की मंडळी भावोजींना हात जोडून बोलावून न्यायची आणि ते जाऊन पुन्हा गडद करून यायचे. लोक आपल्या कलेची कदर करतात असं त्यांना वाटायचं.

ताई पडल्यावर मात्र त्यांची झोप उडाली. एकदा ती खुर्ची घेऊन रस्त्यावरून निघाली होती. बसचा आरसा खुर्चीच्या मुठीला घासून गेला आणि वर ड्रायव्हरनं तिलाच झापलं. त्यानंतर भावोजींनी तिचं रस्त्यानं जाणं बंद केलं. म्हणाले, "मी पहाटे रहदारी नसताना ढकलत नेतो, संध्याकाळी आणतो."

"सकाळी उघडायचं, संध्याकाळी ओढून घ्यायचं. मी काय शटर आहे?" ताई म्हणाली.

आठ महिने दुकान बंद राहिलं. गिऱ्हाइकं घरी येऊन आपापली बंद घड्याळं परत नेऊ लागली. पुढच्या गल्लीतला घड्याळजी सहज म्हणून आला आणि ताईच्या अवजारांची पेटी उघडून बघून गेला. त्या दिवशी ताईनं आम्हा दोघांना समोर बसवलं.

"महिनाअखेरपर्यंत माझी मी दुकानात पोचले, तर दुकान राहील. नाही तर ही पेटी त्याला देऊन टाकते. घरात बसून पेटीकडे बघत राहणं मला जमणार नाही."

ताई बोलते ते करते. मी लहान असताना तिनं एकदा दूध सोडलं, ते आजतागायत.

भावोजी साहेबांकडे गेले. ही हकिकत त्यांनीच मला सांगितली, आणि ते पदरचं काही घालत नाहीत.

"साहेब, नंबर टाकून तीन वर्षं झाली. उचलणार कधी?"

"नंबर पडलेलं उचलता येत नाही हो."

"मग काय उचलता येतं?"

"ज्यावर नंबर नाही ते."

"मग मी नंबर टाकले कशाला?"

"काय उचलायचं ते कळावं म्हणून," साहेब म्हणाले आणि त्यांनी घंटी वाजवली.

महिन्याचे नऊ दिवस उरले असताना बातमी आली, की गुरुवारी मोठे साहेब आमच्या रस्त्यावरून पायी फिरणार. अतिक्रमणं उचलणाऱ्या पथकाला हुकूम सुटला, 'नंबर नसलेली एकही वस्तू फुटपाथवर दिसता कामा नये.' बाजार निर्धास्त होता. नंबर नाही असं फुटपाथवर होतं काय? आम्ही माणसंच.

बुधवारी दुपारी एक वाजता भावोजी थिनरचा डबा, चिंध्या आणि पॉलिश पेपरची गुंडाळी घेऊन आले. पहिल्या नंबरपाशी उकिडवे बसले आणि घासायला लागले.

जिमवाला धावत आला. "आकडेबुवा, हे काय?"

भावोजी घासतच राहिले. तेवढ्यात औषधवाला शहाणपणा सांगायला पुढे आला, "अहो, मोठे साहेब यायचेत ना! जुने पुसल्याशिवाय नवे कसे टाकणार?"

एवढं पुरे झालं. नवे नंबर येणार म्हटल्यावर बाजाराच्या अंगात आलं. माझा आधी, माझा आधी! फर्निचरवाल्यानं बापाला सोफ्यावरून उठवलं आणि स्वतः बाह्या सरसावल्या. थिनर कमी पडलं तर औषधवाल्यानं स्पिरिटच्या बाटल्या फोडल्या. आमचे मालक मला म्हणाले, "बघत काय उभा? तुझ्या भावोजींचं काम आहे, घे घासायला." आमच्या रॅकचा चौदा नंबर मी माझ्या हातानं पुसला. भावोजी जवळून गेले, रॅकवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "नीट घास. पुसट राहता कामा नये." मला तेव्हाही उजेड पडला नाही. मी म्हटलं, माणसाला आपल्या कामाचा केवढा सोस!

नऊ नंबर चहावालीचा. साऱ्या रस्त्यात ती एकटीच अशी, की ताईची खुर्ची दिसली की उकळतं पातेलं उतरवून गाडी मागे घ्यायची. तिच्या मागेपुढे कुणी हलत नसे, त्यामुळे उपयोग काही व्हायचा नाही, पण ती घ्यायची. तिनं विचारलं, "बुवा, नवा कधी टाकणार?" भावोजींनी खाली बघून तिचाही नंबर पुसला. तिला सांगितलं असतं तर चार जणांना कळलं असतं, म्हणून गप्प बसलो, असं ते नंतर म्हणाले. हे म्हणताना त्यांना माझ्याकडे बघवत नव्हतं.

गुरुवारी सकाळी ट्रक आले. पथकाचा मुकादम यादी घेऊन उतरला.

"नंबर दाखवा."

"कालच पुसलाय! आज नवा टाकणार आहेत."

"म्हणजे नंबर नाही."

"होता की हो!"

"होता चालत नाही," मुकादम म्हणाला आणि पहिलवानाला दोघांनी काखेत धरून ट्रकमध्ये चढवलं.

नऊ खेपा झाल्या. सोफा गेला, चौकी गेली, आमचा रॅक चपलांसकट गेला. पालिकेचा बोर्ड उचलला तेव्हा भावोजींचे साहेब धावत आले, पण मुकादम हुकमाचा कागद नाचवायला लागला आणि त्यावर सही साहेबांचीच होती. चहावाली आपली गाडी नेणाऱ्या ट्रकमागे कोपऱ्यापर्यंत पळत गेली. दुपारी मोठे साहेब आले, गाडीतूनच बघितलं आणि गेले. फुटपाथला करड्या फरशा आहेत हे मला चौदा वर्षांच्या नोकरीत त्या दिवशी कळलं.

शुक्रवारी दहा वाजता ताई निघाली. भावोजींना तिनं दारातच थांबायला सांगितलं होतं. ते थांबले, पण चौकट दोन्ही हातांनी धरून. ताईनं मांडीवर पेटी घेतली होती. आमच्या दुकानासमोरून गेली तेव्हा तिनं माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, सरळ समोर बघत चाकं मारत होती, आणि ओठ घट्ट मिटलेले. अकरा मिनिटांत पोचली. कुलूप उघडायला तिला त्याहून जास्त वेळ लागला, गंजलं होतं. मी चपला मोजायच्या निमित्तानं आत गेलो आणि रडलो. लाज कसली, सख्खी बहीण आहे माझी.

असे चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी, मंगळवारी, भावोजींना निलंबनाचा कागद मिळाला. आरोप होता पालिकेच्या नोंदी नष्ट केल्याचा. चौकशी समिती बसली. कोणत्या वस्तूंवरचे, किती नंबर पुसले हे ठरवायचं, तर वस्तू जागेवर पाहिजेत. तेव्हा समितीनं ठराव केला, की सर्व वस्तू गोदामातून आणून मूळ जागी ठेवाव्यात, पंचनामा करावा आणि चौकशी पुरी होईपर्यंत पुरावा जागचा हलवू नये. तेच ट्रक, तोच मुकादम. आता कोणती वस्तू नेमकी कुठे होती हे ठाऊक असणारा माणूस साऱ्या शहरात एकच होता. त्याला बोलावलं. आणि त्यानं सांगितलं!

"पहिलवान सोळा इंच डावीकडे घ्या. सोफ्याचा मागचा पाय त्या फुटक्या फरशीवर होता."

मी त्यांना बाजूला ओढलं. "भावोजी, तुम्ही वेडे आहात का? खोटं बोलायला काय झालंय? फूटभर इकडे सांगा, फूटभर तिकडे सांगा, खुर्ची जाईल एवढी जागा ठेवा की!"

"अरे, पण तो तिथंच होता," भावोजी म्हणाले. त्यांना रडू येत होतं, तरी बोट बरोबर जागेवर होतं. त्या क्षणी त्या बोटाचा मला भयंकर राग आला.

बासष्ट वस्तू परत आल्या. नऊ नंबर आला नाही. गोदामात शोधतायत म्हणे. चहावाली दोन तास उभी राहिली आणि मग भावोजींना एवढंच म्हणाली, "बुवा, मी सरकत होते की." भावोजींनी तिला हात जोडले. तिनं ते बघितलं नाही, ती निघून गेली.

संध्याकाळी सातला ताईनं दुकान बंद केलं आणि खुर्ची वळवली. त्रेसष्ट नंबरच्या कुंड्यांपाशी ती थांबली. प्रत्येक वस्तूवर आता 'पुरावा' अशी चिठ्ठी होती. भावोजी एक खांदा पुढे काढून, पोट आत ओढून, वाट काढत तिच्यापर्यंत गेले.

"मी रस्त्यानं घेऊन जातो," ते म्हणाले. "धरून चालेन. बसवाल्यांना हात करीन."

"नको."

"मग घरी कशी येणार?"

"नाही येत." ताईनं कुंड्यांवरून घराच्या दिशेला एकदा बघितलं. "आठ महिने त्या टोकाला अडकले होते. अडकायचंच असेल तर कामाच्या टोकाला अडकते. आत कॉटपुरती जागा आहे. तुम्ही आज माझी उशी तेवढी आणा. आणि औषधाचा डबा."

भावोजी उशी आणायला गेले. येताना मी त्यांना पाहिलं. बगलेत उशी धरून मधून जाता येईना, म्हणून डोक्यावर घेतली होती. आमच्या रॅकपाशी येऊन ते अडकले. मी रॅक धरून वीतभर मागे ओढला.

"ए, पुरावा आहे तो!" मालक आतून ओरडले. "हलवलास तर आपला हक्क जाईल!"

भावोजी तोवर पार झाले होते. मी रॅक पुन्हा होता तिथं ढकलला, आणि फरशीची रेघ बघून नीट बसवला.