फोनला चेहरा हवा

आगरदांड्याच्या धक्क्यावर दिघीची फेरीबोट लागली, तरी बाकावरचे म्हातारे चाचा उठेनात. मांडीवर रुमालात गुंडाळलेला मोबाईल. सारखा रुमाल उघडायचा, काच सदऱ्याच्या टोकाने पुसायची, पुन्हा झाकायचा. काचेवर अक्षरं होती : एका तासाने पुन्हा प्रयत्न करा.

"नंबर विसरलात?" मी विचारलं.

"मला कुठला ठाऊक? पोराचा फोन हाय. सौदीहून त्याच्या मयतीसंगं आला. जन्मतारीख घातली, निकाहची घातली. चुकलं की थांबवतो, दर वेळी जास्त. चोर समजतो मला."

"दुकानात दाखवा ना."

"ते म्हणतात, उघडेल, पन आतलं सगळं पुसलं जाईल. त्याच्या आईला फोनातला त्याचा आवाजच ऐकायचा हाय."

भोंगा वाजला. मी उठलो, तसे ते समुद्राकडे बघत म्हणाले, "चेहरा दाखवला की उघडतो म्हनं. दफनाआधी त्याचा चेहरा सगळ्या गावाला दाखवला. फोन माझ्या खिशातच होता. तोंडावळा तर माझाच त्याचा."

बोट सुटल्यावर मी मागे पाहिलं. चाचांनी डोक्यावरची टोपी काढली होती, आणि फोन स्वतःच्या चेहऱ्यासमोर धरला होता.