जवळा निवडताना दिलेली साक्ष

माझी आत्या बायबलबाई होती. मिशनच्या वतीने घरोघर जाऊन बायकांना येशूच्या गोष्टी सांगायच्या, कुणी आजारी असेल तर जवळ बसायचं, कुणी म्हटलं तर प्रार्थना करायची, हे तिचं काम. दिघीच्या खाडीच्या आसपासच्या कोळीवाड्यांत ती पायी जाई. खांद्याला कापडी पिशवी, तीत पवित्र शास्त्र आणि सुईदोरा. तिचा एक नियम होता. समोरची बाई काम करत असेल तर आपणही त्या कामाला हात लावायचा. रिकाम्या हातांनी देवाचं बोलायचं नाही. त्यामुळे तिच्या लुगड्याला कायम सुकटीचा वास येई. रविवारी उपासनेला तिच्या शेजारी बसायला मला तेव्हा थोडी लाज वाटायची. आता तो वास कुठे आला की मी उगीच थांबते.

मी मुंबईला इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात होते आणि मे महिन्यात घरी येत असे. बाबा बंदरावर कारकून होते. मी पंधरा वर्षांची होते त्या सुट्टीत आत्या म्हणाली, "उद्या माझ्याबरोबर चल आणि साक्ष दे."

साक्ष म्हणजे प्रभू आपल्या आयुष्यात कसा आला ते चारचौघांत उभं राहून सांगणं. माझ्याकडे एक तयार होती. शाळेत ती मी इंग्रजीतून म्हणून दाखवली होती आणि शिक्षिकांनी पाठ थोपटली होती. मोठ्या माणसांच्या साक्षी ऐकून मी ती बेतली होती. आधी पाप, मग अंधार, मग प्रकाश. तिचं मी जपून मराठी केलं आणि पाठ केलं. अनोळखी माणसांशी मला बोलता येत नसे. पाठ केलेलं मात्र म्हणता येई.

किनाऱ्यालगत शेणाने सारवलेल्या खळ्यावर जवळा, म्हणजे अगदी बारीक कोलंबी, वाळत होता. पाच-सहा कोळणी अर्धवट वाळलेल्या ढिगाभोवती बसून त्यातली बारीक मासळी आणि शिंपल्यांचे तुकडे निवडत होत्या. आत्या जाऊन त्यांच्यात बसली आणि निवडायला लागली. मी उभीच राहिले, शाळेत राहतात तशी, हात मागे बांधून.

"मी घोर पापी होते," मी सुरुवात केली. "माझं जीवन अंधारात बुडालेलं होतं..."

"तू गो?" एक म्हातारी मान वर न करता म्हणाली. "काय पाप केलंस, बाय? कुनाचं कालवन सांडलंस?"

"शालेत पेन्सिल चोरली आसंल," तिच्या शेजारची म्हणाली.

"मुंबईला पाप पन इंग्रजीत करतात. आपल्याला काय कलनार."

सगळ्या हसल्या. त्यात कडवटपणा नव्हता, तरी माझे कान तापले. पुढचं वाक्य आठवेना. मी आत्याकडे पाहिलं. ती माझ्या वतीने बोलेल असं मला वाटलं होतं. तिने फक्त थोडं सरकून जागा केली.

"बस. आणि निवडायला लाग."

मी बसले. जवळा बोटांना टोचत होता. बराच वेळ माझ्याशी कुणी बोललं नाही. नवऱ्यांचं, होड्यांचं, कुणाच्या तरी लग्नातल्या जेवणाचं बोलणं चाललं होतं. मग ती म्हातारी म्हणाली, "हां, आता सांग. पाठ केलेलं नको."

खाली पाहून बोलायचं होतं, हातांना काम होतं, म्हणूनच बहुधा मला सांगता आलं.

मी दहा वर्षांची असताना माझा धाकटा भाऊ तापाने गेला. मी मुंबईला होते. पत्र पोचलं तेव्हा त्याला पुरूनही झालं होतं. त्या दिवसापासून मी प्रार्थना करणं सोडलं. सगळ्यांबरोबर गुडघे टेकायची, ओठ हलवायची, आत काही म्हणायची नाही. दोन वर्षं असं चाललं, आणि हे कुणालाही ठाऊक नव्हतं.

आत्याचे हात थांबले. भावाच्या उशाशी शेवटपर्यंत तीच बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढे बोलू शकले नसते.

आमच्या घरी रोज सकाळी बाबा प्रार्थनेत घरातल्या प्रत्येकाचं नाव घेत. सुट्टीत घरी आल्यावर मला दिसलं, की भावाच्या नावाच्या जागी ते थांबतात. नाव घ्यायला लागतो तेवढाच वेळ गप्प राहतात आणि पुढे जातात. रोज. मला वाटायचं, देवावर रागावलेलं माणूस देवाकडून उठून जातं. बाबा उठले नव्हते. बोलण्यासारखं काही नसतानाही ते तिथेच बसून होते. एका सकाळी त्या रिकाम्या जागेत मी भावाचं नाव मोठ्याने घेतलं. दोन वर्षांतली ती माझी पहिली प्रार्थना. तेव्हा मला कुणीतरी ऐकतं आहे असं वाटलं, आणि ते वाटणं आजवर गेलेलं नाही.

"एवढंच आहे," मी म्हणाले.

कुणी हसलं नाही. आत्या पुन्हा निवडायला लागली, माझ्याच बाजूचा ढीग ओढून घेत.

"तुजा बापूस अजून थांबतो त्या जागंला?" म्हातारीने विचारलं.

"आता मी नाव घेते, मग ते पुढे जातात."

म्हातारीने हातातला जवळा खाली ठेवला. "माजा मोठा होडीवरनं परत आला न्हाय. सहा वरसं झाली. घरात कुनी त्याचं नाव काढीत न्हाय. मी रडंन म्हनून." मग तिने मला ते नाव सांगितलं. "आमचा देव आमच्याकडं हायच. तुज्या देवाला पन सांग."

 परतताना घर दिसायला लागल्यावर आत्या म्हणाली, "मला तेव्हा सांगायचं होतंस गं," आणि माझा हात धरला. दोघींच्या हातांना सारखाच वास येत होता.

दुसऱ्या सकाळी बाबा नेहमीच्या जागी थांबले. मी भावाचं नाव घेतलं आणि त्याच्यामागून त्या म्हातारीच्या मुलाचं. बाबांनी डोळे उघडून एकदा माझ्याकडे पाहिलं. हा कोण, असं त्यांनी विचारलं नाही. त्याच्या पुढच्या सकाळी भावाच्या नावानंतर ते आणखी एका नावाएवढे थांबले.