चिंचेच्या झाडाची सुनावणी

आमचे साहेब रहदारी थांबवावी तसा तळवा वर करायचे आणि म्हणायचे, "थांबा. दुसरी बाजू कुठंय?" देवळालीच्या बाजारात मेथीवाली म्हणाली, "ताजी हाय, साहेब." तर हे जुडी कानाशी धरून उभे! मेथी काही बोलेना, तेव्हा संशयाचा फायदा मेथीला देऊन जुडी पिशवीत टाकली.

हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती होते हो! निवृत्त होऊन आमच्या शेजारी राहायला आले. एकदा कुत्रं चावलं, तर इंजेक्शनच्या आधी गल्लीभर चौकशी, "माझा पाय त्याच्या शेपटीवर पडला होता का?" पडला होता, असं निघालं. कुत्रं निर्दोष सुटलं.

त्याच सुमारास माझं आणि धाकट्या जावेचं वाजलं. आमच्या दोघींच्या अंगणांमधली चिंच तिला तोडायची होती, मला राखायची होती. तोडणारी माणसं दुसऱ्या दिवशी येणार, म्हणून मी साहेबांचं दार गाठलं. पन्नाशी उलटली होती माझी, अक्कल मात्र मागंच राहिलेली. कोर्ट म्हणजे कोर्ट, म्हणून भर उन्हात लग्नातला शालू नेसून गेले. जावेनं पुरावा म्हणून घमेलंभर पाला आणला.

साहेब मला म्हणाले, "तुम्ही जाऊबाईंची बाजू मांडा." मग तिला, "आणि तुम्ही यांची."

"आवो साहेब, मग मी हरन की!" मी म्हणाले.

"ते ऐकल्यावर बघू."

आता पंचाईत बघा. चांगलं बोलावं तर झाड जातं, वाईट बोलावं तर कुंपणाला लटकलेली गल्ली हसते. मला मेलीला टाळ्यांचा सोस. अशी तडतडले! "पाला रोज हिनं झाडायचा, गुडघं हिचं दुखायचं, आन् चिंचा म्या खायच्या? तोडा ते झाड!" टाळ्या पडल्या. मी वाकून नमस्कार केला आणि मग भानावर आले.

जावेला जिंकायला नुसतं गप्प बसायचं होतं. तिनं घमेलं बाजूला सारलं. मग माझ्याकडं हात करून म्हणाली, "आक्काला डोहाळं लागलं तवा म्या नवी नवरी. सासूची नजर चुकवून त्याच झाडावर चढले हुते. आक्का खाली पदर पसरून उभी. लई हसलो आमी. नगा तोडू."

साहेबांनी चष्मा पुसला. म्हणाले, "दोन्ही पक्ष हरले. चहा घेऊन जा."

सकाळी जावेनं तोडायला आलेल्यांना ओंजळभर चिंचा देऊन वाटेला लावलं. तेव्हा मी तिच्या अंगणात पाला झाडत होते.

यंदा साहेब गेले. शोकसभेत काळे कोटवाले त्यांचे मोठमोठे निवाडे सांगत होते. जाऊ माझ्या कानात कुजबुजली, "आपला न्हाई सांगितला."

शेजारचं घर बंद आहे. आमची भांडणं चालू आहेत, फक्त मी तिच्या बाजूनं भांडते, ती माझ्या. काल तिनं माझी बाजू माझ्यापेक्षा चांगली मांडली, म्हणून दिवेलागणीपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही.