काहिलीला होडी म्हणायचं का?

माझा आवाज हा सार्वजनिक उपद्रव आहे. मंगळवार पेठेत मी चहाला हाक मारली, तर शिरोली एमआयडीसीतले कामगार भोंगा झाला समजून जेवणाचे डबे उघडतात, हे मी शपथेवर सांगते. अशा बाईला कुणी कुजबुजायच्या कामावर ठेवील का? एका संस्थेनं ठेवलं.

काम पाहणीचं होतं. तरुण पोरं काय खातात, व्यायाम किती करतात, मावा-तंबाखू किती, हा पहिला भाग. बायकांना घरात मारहाण होते का, हा दुसरा. प्रश्नांचा कागद आधी कुठल्याशा लांबच्या बेटांवर वापरलेला. मराठी करणाऱ्यानं तो बेटांसकट मराठी केला, त्यामुळं शेवटच्या पानावर प्रश्न होते : घरात होडी आहे का? वादळात बेट सोडावं लागलं का? आम्हाला शिकवायला आलेल्या मॅडम म्हणाल्या, "ते पान राहू दे. दुसरा भाग बाई एकटी असतानाच विचारायचा. कुणी मध्येच आलं की झटकन पान उलटा आणि होड्या विचारा."

एकटी! आमच्याकडं माणूस आंघोळीला बसला तरी दाराबाहेर दोघंजण त्याच्याशी गप्पा मारत असतात.

पहिला भाग मात्र मजेचा. कोडोलीच्या एका गल्लीत एका पोरानं दंड फुगवून सांगितलं, "रोज हजार जोर मारतोय." आतून त्याची आई ओरडली, "काल गॅसची टाकी उचलायला शेजारच्या म्हातारीला बोलावलंय त्यानं!" दुसऱ्याला विचारलं, मावा खातोस का? त्यानं मान हलवूनच नाही म्हटलं. तोंड उघडलं असतं तर माझा कागद रंगला असता.

दुसऱ्या भागाला माझी जोडीदारीण. ती इतकी हळू बोलते की मांजरसुद्धा कान टवकारून पुन्हा विचारील. ती आत विचारणार आणि मी बाहेर माणसं थोपवणार, अशी आमची वाटणी.

त्याच गल्लीत शेवटचं घर. पंचविशीतली सून, उंबऱ्यात सासू. सुनेनं खाण्यापिण्याचे प्रश्न भराभर उरकले आणि सासू म्हशीला पेंड घालायला वळली तशी हळूच म्हणाली, "ताई, शेजारच्या घरात ते मारायचं विचारलासा ते पान माझ्याबी वाटणीला हाय न्हवं? मला सांगायचंय. आजवर कुणी विचारलंच न्हाय. पर आमचं हे चारला कंपनीतनं येत्यात."

तीन वाजून गेले होते.

जोडीदारणीनं पहिला प्रश्न काढला आणि सासू पदराला हात पुसत हजर. "काय ते मला इचारा. तिला काय कळतंय?"

जोडीदारणीनं पान उलटलं. सुनेचा चेहरा असा उतरला की मला राहवेना. मी सासूचा हातच धरला. "आत्ती, होड्यांचं तुमच्याबिगर कोण सांगणार? चला कट्ट्यावर!" आणि बाहेर येऊन ठेवणीतला आवाज काढला, "घरात होडी हाय का?"

पन्हाळ्यावरची कबुतरं उडाली. अर्धी गल्ली गोळा झाली.

सासू म्हणाली, "होडी न्हाय. काहिल हाय."

काहिल म्हणजे उसाचा रस उकळायची गुऱ्हाळातली अवाढव्य कढई. मी म्हटलं, "कागदावर होडी लिहिलंय."

"मग काय झालं? पुरात ह्याच काहिलीत बसवून आमच्या मालकानं अख्खी गल्ली पल्याड न्हेली!"

"वल्हं हुतं का?" गल्लीतलेच एक म्हातारे पावणे काठी आपटत पुढं आले. "वल्हं न्हाय तर होडी न्हाय."

"फावड्यानं वल्हवली! तुम्हीच बसला हुता की मधोमध, डोळं झाकून!"

गल्ली हसली आणि दोन तट पडले. भांडण थंड पडायला लागलं की मी तेल ओतायची. म्हटलं, त्या बेटावर एकानं गुळाच्या ढेपेची होडी केली. ती समुद्रात विरघळली. तेव्हापासनं तिथले मासे गोड लागतात, कालवणात चिंच जास्त घालावी लागते. यावर चिंचेचा वेगळा वाद सुरू झाला.

त्या गलक्यात सासू माझ्या कानाशी आली. "आत काय चाललंय ते कळतंय मला. येताना दार मीच वढून घेतलंय."

चिंचेचा वाद तिथंच सोडून मी तिच्याकडं वळले.

"मला कवा इचारणार?"

"तुमचं वय किती, आत्ती?"

"साठ झालं की."

"कागदात एकोणपन्नासपर्यंतच्याच बायका हायत."

"का? पन्नाशीनंतर मार लागत न्हाय व्हय?"

तेवढ्यात दार उघडलं. सुनेनं तोंड धुतलं होतं. आम्ही देतो ती मदतीच्या नंबराची चिठ्ठी तिनं हळदीच्या डब्यात ठेवली, हे जोडीदारणीनं मला नंतर सांगितलं. सुनेनं सासूकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि पुढं होऊन माझ्या हातातला कागद काढून घेतला.

"जावा आत्ती, आत जावा. ताई थांबल्यात."

सासू आत गेली आणि दार पुन्हा ओढलं गेलं. सून कट्ट्यावर चढली. "वल्हं न्हाय तर होडी न्हाय, असं कोण म्हणलं? फुडं या!" काय आवाज तो! मला वाटलं, आता आपली नोकरी गेली.

चारला सुनेच्या नवऱ्याची मोटारसायकल आली आणि गर्दीत अडकली. म्हाताऱ्या पावण्यांनी हँडलच धरलं. "तू सांग. काहिल होडी हाय का न्हाय?" त्याची मान बंद दाराकडं आणि त्यापुढं उभ्या असलेल्या माझ्याकडं वळली. मी आणखी मोठ्यांदा ओरडले, "सरकारी कागद हाय पावणं, विचार करून सांगा!" त्यानं डबा टाकीवर ठेवला आणि विचार केला. चांगला वीस मिनिटं केला.

संध्याकाळी एसटीत बसून आम्ही कागद पुरे केले. होडी आहे का? हो. जोडीदारणीनं सासूचा कागद पुढं केला. सगळं भरलेलं, नुसता वयाचा रकाना मोकळा. खोटं लिहायला तिचा हात धजेना.

मी पेन घेतलं आणि लिहिलं, एकोणपन्नास. जन्मभर एवढ्या थापा मारल्या, पण एवढ्या हळू आवाजात कधी मारली नव्हती.